सोमवारची बस

कोरीन,

आज बस पकडायला जाऊ नकोस. तुझी शाळा आता सोमवार-मंगळवारऐवजी गुरुवारी-शुक्रवारी, ओटिसबरोबर. बाकीचे दिवस दोघंही घरी, कॉम्प्युटरवर.

कोरोनामुळे एका वेळी निम्मीच पोरं शाळेत बोलवायची, म्हणून शाळांच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसातल्या शहाण्यांनी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून पोरं वाटली. तू तुझ्या बापाची बार्टलेट, तो त्याच्या बापाचा विल्कॉक्स, म्हणून एका घरातली भावंडं दोन गटांत. तू आज गेलीस तर सात वर्षांच्या पोराजवळ कोण बसणार? आमच्या वृद्धाश्रमात निम्म्या नर्सेस आजारी आहेत, मला रजा मागायला तोंड नाही. शुक्रवारी शाळेत फोन केला. तिथली बाई म्हणाली, "एकत्र करते, पण कुणाला हलवू?" माझ्या तोंडून पटकन तुझंच नाव गेलं. ओटिसला हलवता आलं असतं, हे फोन ठेवल्यावर सुचलं. परत लावला, तर म्हणे सोमवारचा गट भरला.

घरात काही अडलं की मी तुलाच सरकायला सांगते, नाही का गं?

जोलीनला मेसेज टाक, नाहीतर बसमध्ये तुझी जागा धरून बसेल बिचारी. ओटिसचा वर्ग नऊला. त्याला कॅमेऱ्यासमोर बसवण्याआधी चड्डी घातलीय का बघ. सूप फ्रिजमध्ये आहे.

काल दिवसभर सांगायचं म्हणत होते. पण तू निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलास, वर त्याच रंगाचा मास्क, आणि माझी जीभच रेटेना. आत्ताही तुला उठवायला खोलीत आले होते. तो शर्ट दिसला, आणि तशीच मागे फिरले.

आई