छप्पर मात्र माझं

४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा दुखतोय असं लिहिलंत, डॉक्टरांकडे गेलात की नाही ते लिहिलं नाहीत, म्हणजे गेला नाहीत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला तुम्ही बोलू देत नाही, म्हणून रागवायचं तेही कागदावरच.

आता बातमी. बसून वाचा. हे नेपथ्य उभारतात त्या नाटक कंपनीने सामान वाहायची जुनी गाडी मोडीत काढली, ती ह्यांनी घेतली आहे. इंजिन ठणठणीत आहे, बाकी सगळा सांगाडा. हे आता तिचं घर करणार आहेत. झोपायला बाक, छोटा ओटा, कपाटं, आणि सरळ उभं राहता येईल असं उंच छप्पर. कॅराव्हॅन म्हणतात त्याला. मे महिन्यात सुट्टी लागली की तिच्यातून आम्ही चौघं मजल दरमजल करत तुमच्याकडे येणार.

बसने का नाही, असं विचाराल. तुमची नात सहा वर्षांची झाली. घरादाराच्या चुका काढते म्हणून आम्ही तिला मास्तरीणच म्हणतो. ती बसमध्ये चढली की थोड्याच वेळात तिला उलट्या सुरू होतात, आणि ताईचं बघून धाकटा भोपळाही सुरू करतो. तो तीन वर्षांचा, ताई करेल ते सगळं करतो. अशा दोघांना एवढ्या लांब आणायचं तर थांबत थांबत यायला हवं आणि घर बरोबर हवं.

पण खरं सांगू का बाबा? मुलांची सुट्टी हे निमित्त आहे. लग्नाला आठ वर्षं होतील, तुम्ही ह्यांच्याशी अजून एक शब्द सरळ बोललेला नाहीत. हे समोर उभे असले तरी तुम्ही मलाच सांगता, की तुझ्या सुतारांना म्हणावं चहा घ्या. ह्यांनी बांधलेली गाडी तुमच्या दारात उभी राहावी आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाने ह्यांना या म्हणावं, एवढ्यासाठी माझा सगळा खटाटोप आहे.

माया आहेच, ती गुडघ्यासारखी आखडू देऊ नका, ही विनंती.

तुमची
बेबी

*

१२ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र बसून वाचलं म्हणून पडलो नाही.

मी उभा जन्म बसच्या आगारात गाड्या तपासल्या. माझ्या सहीशिवाय एक गाडी फाटकाबाहेर गेली नाही. तेव्हा गाडी म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. नाटकातला महाल मी पाहिला आहे. समोरून संगमरवर आणि मागून पोतं. प्रेक्षक घरी गेले की तो महाल घडी घालून भिंतीला टेकवतात. तुमच्या घरी मी येत नाही त्याचंही कारण हेच. खुर्चीवर बसायचं आणि मागे कुणीतरी टेकू धरून उभा असायचा.

पोरांना आणायचंच ठरवलं असेल तर मास्तरीणबाईंना पुढच्या काचेजवळ बसवा. लांब बघायला सांगा, हातात पुस्तक देऊ नका, पोटात कोरडं काहीतरी असू द्या. भोपळ्याला शू लागली की नाही हे विचारत बसू नका, गाडी थांबवून सरळ उतरवा. तुझ्या सुतारांना सांग, रंगरंगोटी नंतर, आधी ब्रेक.

येऊ नका असं मी म्हणत नाही. तुम्ही येणार नाही असं धरून चाललो आहे. डॉक्टरांचं पुन्हा विचारू नकोस.

मुलांना पापे. आशीर्वाद भरपूर आहेत, पुरवून वापरा.

बाबा

*

२ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला आनंद होईल अशी बातमी आहे. आमची पुरती फजिती झाली.

प्रसूतिगृहातल्या आमच्या मेट्रनबाईंनी मला रजा मंजूर केली. नर्सला मे महिन्यात सलग रजा मिळणं म्हणजे लॉटरीच, म्हणून मी हवेतच होते. इकडे अंगणात गाडी तयार झाली. बाबा, काय देखणी दिसत होती! नाटकवाल्यांच्या पद्धतीप्रमाणे ह्यांनी प्रवासाची रीतसर तालीम ठेवली. गाडी जागेवरच उभी आणि आम्ही आत जेवलो, आत तोंडं धुतली, आत झोपलो. मास्तरीण खिडकीतून दिसणाऱ्या शेजाऱ्यांना गावांची नावं देत होती. भोपळा पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपण फार लांब आलो आहोत असं सांगत होता.

मग काल गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. कोपऱ्यापर्यंत सगळं छान. पहिल्या खड्ड्यात कपाटाचं दार आलं, दुसऱ्या खड्ड्यात कपाटच आलं. ओट्याने मान टाकली. डब्यातलं पीठ भोपळ्याच्या डोक्यावर, आणि तो टाळ्या वाजवून पुन्हा करा म्हणून ओरडतोय. मी पीठ पुसायला फडकं काढावं म्हणून तिसरा खण ओढला, तर तो ओढला जाईना. तो रंगवलेला निघाला. दोन खण बरे दिसत नव्हते म्हणून ह्यांनी तिसरा रंगाने काढला होता.

हे खाली बसून हसत होते. घरी आल्यावर मात्र मोडलेलं कपाट पुढ्यात घेऊन बसले, आणि म्हणाले की आयुष्यभर जागेवर उभं राहणारं काम केलं, हलणारं कधी केलंच नाही. आता बाबांना विचार. हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. म्हणून विचारते.

आधी पोटभर हसून घ्या, पण नंतर उत्तर पाठवा.

तुमची
बेबी

*

९ मार्च

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

हसलो. रंगवलेल्या खणाची गोष्ट शेजारच्या शिंप्याला सांगितली, तोही हसला. झालं आमचं हसून.

आता नीट ऐक. घरात वस्तू ठेवतात, गाडीत वस्तू बांधतात. खिळा हादऱ्याने बाहेर येतो. तुझ्या सुतारांना सांग, खिळे सोडा आणि नटबोल्ट वापरा, आणि प्रत्येक नटाखाली वॉशर. दारांना चुंबक नको, कडी हवी. जड सामान खाली आणि मधे, हलकं वर. सोबत चित्र काढून पाठवतो आहे. कपाट भिंतीला नव्हे, सांगाड्याला आवळायचं, ते तांबड्या पेन्सिलीने दाखवलं आहे.

झाल्यावर आगारातली परीक्षा घ्या. सगळं सामान भरून, दगडधोंड्यांच्या रस्त्याने गाडी फिरवून आणा, आणि मग दार उघडा. जमिनीवर एक चमचा जरी दिसला तरी नापास.

छपराचं वेगळं लिहितो. ते कायमचं पक्कं करा. वेल्डिंग मारून टाका, पुन्हा निघायचं नाव नको. वाऱ्याने उडालं तर मागून येणाऱ्याचा जीव जाईल. आणि गावात शिरताना बाहेरच्या वळणरस्त्याने या. रेल्वेखालची जुनी कमान फार बुटकी आहे. उंच गाड्यांची टपं तिथे सोलून निघालेली मी पाहिली आहेत.

चित्र हरवू नका. दोनदा काढावं लागलं.

बाबा

*

२८ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पास! दगडांच्या खाणीच्या रस्त्याने गाडी नेली, आणली. दार उघडायला सगळी गल्ली जमली होती. मास्तरीण आत वाकून बघून आली आणि चमचे जागेवर असल्याचं तिने सगळ्यांना जाहीर केलं. तिला स्वतःलाही काही झालं नाही. पुढच्या काचेजवळ बसून लांबचं झाड बघत होती, पोट एकदम शहाण्यासारखं वागलं. बाबा, मला रडूच आलं. तुमचं चित्र ह्यांनी ओट्याच्या वर चिकटवलं आहे.

तुमचं सगळं ऐकलं. बोल्ट, वॉशर, कड्या, सगळं. एकच नाही ऐकलं. छपराला वेल्डिंग करायला ह्यांनी साफ नकार दिला. तेही जाड बोल्टांनी सांगाड्याला आवळलं आहे, खाणीच्या रस्त्यावर हूं की चूं केलं नाही. पण ते उतरवता येतं. ह्यांचं म्हणणं असं, की पुढच्या गावाच्या नाट्यगृहाचं दार केवढं आहे हे कधीच ठाऊक नसतं, म्हणून जे उभं करायचं ते उतरवता आलंच पाहिजे. बाकी सगळं बाबांचं, छप्पर मात्र माझं, असं म्हणाले.

मी तुमच्या दोघांच्या मधे उभी राहून दमले आहे, हेही लिहून टाकते. रागवा, पण पत्र थांबवू नका.

तुमची
बेबी

*

५ एप्रिल

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

छप्पर त्यांचं, तर काळजीही त्यांचीच. मी कोण सांगणारा? वळणरस्त्याने या. कमानीखालून येऊ नका.

बाबा

*

२४ मे

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप घरी पोचलो. तुमच्याकडे होतो तेव्हा प्रवासाचं काही सांगितलंच नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. ते आता लिहिते.

सगळी वाट झकास गेली. रोज लवकर निघायचो आणि उन्हाआधी थांबायचो. भोपळ्याने प्रत्येक मुक्कामाला एक दगड गोळा केला. सगळे माझ्या उशीखाली. तुमच्या गावाजवळ आलो आणि पोलिसांनी अडवलं. वळणरस्त्यावरची मोरी खचली होती, वाट बंद. उरली ती कमान. पोलीस म्हणाले, एवढी उंच गाडी जाणार नाही, परत फिरा. परत म्हणजे कालच्या मुक्कामाला! मी मटकन पायरीवर बसले. मनात आलं, बाबा म्हणालेच होते.

हे उतरले, कमानीकडे बघितलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. खेळ संपल्यावर कंपनी कशी सामान आवरते तसं सुरू झालं. मास्तरीण बोल्टांचा डबा धरून उभी, भोपळा आपल्या दगडांवर पहारा करत बसलेला, आणि मी बोल्ट सोडवायचे पाने देतेय. बघता बघता छप्पर चार तुकड्यांत उतरलं आणि आत बाकांवर जाऊन पडलं. गाडी कमानीखालून अल्लद निघाली. पलीकडे गेल्यावर पुन्हा जसंच्या तसं उभं! दोन्हीकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मास्तरिणीने मधे येऊन, नाटकात करतात तसं, कमरेत वाकून नमस्कार केला. आठ वर्षांत मी ह्यांना एवढं ताठ चालताना पाहिलं नव्हतं.

आणि मग तुमचं दार. तुम्ही खुर्चीत बसला होतात, पायात बाहेरचे बूट. घरात बूट आणले म्हणून लहानपणी तुमचा किती ओरडा खाल्लाय मी! गाडीकडे बघितलंत, आणि मला म्हणालात, की तुझ्या सुतारांना सांग, गाडी सावलीत लावा.

बाबा, तेव्हा माझा जीव एवढासा झाला. मुलांशी तुम्ही घोडा घोडा खेळलात, मास्तरिणीकडून गणितं तपासून घेतलीत, आम्ही नदीवर गेलो तेव्हा गाडीत शिरलात हेही मला ठाऊक आहे, उशी हललेली होती. पण निघेपर्यंत ह्यांना एक शब्द नाही. हे म्हणाले, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. मला जाऊ देता येत नाही. मी तुमचीच मुलगी आहे.

औषध घ्या.

बेबी

*

१ जून

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ. वि. वि.

मायना काय लिहावा इथेच अडलो होतो. दोन कागद फाडले. शेवटी घरच्या पोरांना लिहितो तोच लिहिला.

मी त्या दिवशी कमानीपाशी होतो. वळणरस्ता बंद झाल्याचं शिंप्याने सकाळीच सांगितलं, तसा बूट घालून निघालो. तुम्हाला परत फिरवायचं होतं. काय बोलायचं ते वाटेत जुळवलंही होतं, चांगलं झणझणीत. समोरच्या चहाच्या दुकानात बसलो आणि तुम्ही बाह्या वर केल्यात. मग मी उठलोच नाही. चहा तसाच गार झाला.

मी बघत होतो ते टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसलं नसेल. तुम्ही एकही बोल्ट खाली टाकला नाहीत. छप्पर परत चढवल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा हाताने तपासलात. आणि निघण्याआधी गाडीला तळहात लावत एक पूर्ण फेरी मारलीत. आगारात सही करण्याआधी मी अशीच फेरी मारायचो. ते कुणी कुणाला शिकवत नसतं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या माणसाला मी सांगितलं, की हे आमचे जावई. तो म्हणाला, मग इथे काय बसलात? तसा उठलो आणि मिळाली ती रिक्षा पकडून तुमच्याआधी घरी पोचलो. बूट काढायचे राहिले.

तुम्ही होतात तेवढे दिवस रोज सकाळी ठरवायचो, की आज बोलायचं. तोंड उघडलं की जुनंच वाक्य बाहेर पडायचं. कागदावर बरं पडतं.

आता कामाचं. तुम्ही नदीवर गेलात तेव्हा मी डावीकडच्या बाकावर आडवा झालो होतो. माझे पाय बाहेर येतात. तेवढा बाक वाढवून घ्या, थंडीत मला न्यायला या, आणि येताना पोरांना आणा. मला त्यांच्याबरोबर लांब जायचं आहे, कुठे ते मास्तरीणबाई ठरवतील. तुमच्या घरच्या खुर्चीवरही मग बसून बघतो. रंगवलेला खण मात्र तसाच राहू द्या. मी माहीत असून ओढायला गेलो आणि फसलो. आता दुसरं कुणी फसताना बघायचं आहे. आणि छपराला वेल्डिंग करू नका.

निवृत्त झाल्यापासून हा शेरा कुठे लिहिला नव्हता, आज लिहितो.

गाडी तपासली. रस्त्यावर सोडण्यास योग्य.

तुमचा
बाबा

ता. क. तुमच्या बेबीला सांगा, डॉक्टरांकडे जाऊन आलो.