दस्त्याखालची पिशवी

११ नोव्हेंबर २००६, आष्टी
पोचलो एकदाचा! मला बोलावणाऱ्या सदाशिवरावांनी शेतातली खोली स्वच्छ झाडून दिली आहे, खिडकीतून त्यांची संत्र्याची बाग दिसते. त्यांच्या बायकोने, शकुंतलाबाईंनी, पाटवडीचा रस्सा असा केला की मी ताट पुसून खाल्लं. रानडुकरं मारायची परवानगी गावाला मिळाली, म्हणून माझ्यासारख्या नेमबाजाला बोलावणं. चिकुनगुन्यापासून हात थरथरतो, उभं राहून नेम धरता येत नाही, हे मात्र मी सांगितलेलं नाही. इथे जमलं नाही तर रायफल कायमची सोडायची. आधाराचं सामान पेटीभर आणलंय.

१२ नोव्हेंबर
बांधावर बसून सगळं पारखलं. नळीखालचा दुपायी बायपॉड पडून मारणाऱ्याला उत्तम, बसल्यावर त्याचे पाय बुटके पडतात. कॅमेऱ्याची तिपाई वाऱ्यात डुलते. शेवटी नळी बांबूच्या बेचक्यात टेकवली आणि रायफलच्या मागच्या लाकडी दस्त्याखाली, मांडीवर, वाळूची पिशवी घेतली. खरी मेख या पिशवीत असते: मुठीत दाबली की दस्ता उचलतो आणि नळी खाली येते, सैल सोडली की उलटं. पण माझी मूठच थरथरते. सगळ्या गोळ्या मातीत. सदाशिवराव हसलेसुद्धा नाहीत, ते जास्त लागलं.

१४ नोव्हेंबर
आधीचा नेमबाज ताराचंद, त्याची पिशवी सदाशिवरावांनी आणून दिली. शी! मेणचट कॅनव्हास, शिवणीतून राठ केस बाहेर आलेले. डुक्कर पडलं की त्याच्या मानेवरचे केस मूठभर उपटून पिशवीत कोंबायचे, ही इथली पद्धत. "घेऊन तं पाहा साहेब, नेम हालतच नाई," म्हणाले. नाक मुरडत मांडीवर घेतली. संध्याकाळी एका गोळीत डुक्कर आडवं! हात थरथरत होता, नळी नाही. लोकांनी केस कोंबले, रक्तासकट. मी तुरीआड जाऊन ओकलो, आणि तिथेच आनंदाने रडलोही.

१७ नोव्हेंबर
आणखी दोन पाडली. गाव खूश आहे. पण पिशवी थंडीच्या सकाळीही कोमट असते. पँटवर तिचा पिवळट ओला डाग पडतो, घासूनही जात नाही. आज शिवणीतून गोचीड निघाला, टम्म फुगलेला. केसांच्या पिशवीत मेला रक्त कुणाचं पितो? वाळूची पिशवी परत घेऊन पाहिली, परत मातीच. मग नाइलाजाने हीच घाण मांडीवर घेतली.

१९ नोव्हेंबर
पिशवी टेकते तिथे मांडीवर काळे राठ केस आलेत. डुकराच्या केसासारखी टोकं फाटलेली. वस्तऱ्याने काढले, दुपारी परत हजर. अंगालाही तोच आंबूस वास. डबा देताना शकुंतलाबाई नाकाला पदर लावतात. मलाही माझी किळस येते.

२० नोव्हेंबर
मी पिशवी दाबली नव्हती. शपथेवर सांगतो. ती आपणच फुगली, नळी डुकरावरून सरकली — थेट कापूस वेचणाऱ्या कुंदनच्या पाठीवर. कसंबसं चापावरून बोट काढलं.
शकुंतलाबाईंना विचारलं, ताराचंद का गेला. त्या रडायला लागल्या. त्याने सख्ख्या भावाला गोळी घातली, म्हणाला डुक्कर दिसलं. "नेम मात्र त्याचा कधी चुकला नाई," म्हणाल्या.
माहीत असून ही घाण माझ्या मांडीवर दिली! थू!

२१ नोव्हेंबर
जाळायची होती. मांडीवरून निघत नाही. केसांत केस गुंतलेत. चाकू घातला — पिशवी कापली आणि मी किंचाळलो. आतून कोमट, चिकट —
लिहवत नाही.

२२ नोव्हेंबर
बांधावर आहे. कधी येऊन बसलो? रायफल भरलेली. डाव्या हाताने लिहितोय, उजवा ऐकत नाही. अजिबात थरथरत नाही तो.
शकुंतलाबाई येताहेत, डबा घेऊन. नळी त्यांच्यावर. इतका पक्का नेम जन्मात कधी —
ओरडलो, मागे फिरा. तोंडातून डुकराचा चीत्कार निघाला. त्यांना वाटलं मला लागलंय — धावत येताहेत, इकडेच —
बोट चापावर गेलं. पेन्सिल आहे हातात, चाप दाबला जाऊ नये म्हणून त्याच्यामागे हीच कोंबतो