शर्यतीला, फक्त प्रेक्षक म्हणून

१० मे
निर्णय पक्का. यंदा रोड रेस पाहायला जायचंच. फक्त प्रेक्षक म्हणून. साध्या रहदारीच्या रस्त्यांवरून, लोकांच्या दारांवरून मोटारसायकली सोडतात. विजेच्या खांबांना गवताचे भारे बांधतात आणि माणसं कुंपणावर बसून बघतात. दादा दरवर्षी या शर्यतीत उतरायचा. शेवटच्या वेळी शाळेच्या वळणावर पडला, आणि गेला. बरीच वर्षं झाली. मी त्यातून पूर्ण बाहेर आलोय. घरात सगळ्यांत आधी मीच बाहेर आलो. बाकीच्यांना अजून जमलेलं नाही, म्हणून त्यांच्यासमोर मी दादाचं नाव काढत नाही.

१२ मे
बायकोने विचारलं, रस्त्यावरून मोटारसायकल गेली तरी खिडकी लावून घेणारा माणूस तिथे जाऊन करणार काय? तिला सांगितलं, खिडकी मी धुळीसाठी लावतो. ती म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’मध्ये फार काही असतं.
मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. वेगाची भीती असती तर हा धंदा केला असता का? माझ्या बाजूलाही ब्रेक असतो हा भाग वेगळा.

१५ मे
पंचाईत. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, मीही येते. आता दादाच्या बायकोला नको कसं म्हणणार? पण त्या वळणावर त्यांचा बांध फुटला तर सावरणार कोण? मीच. बॅगेत रुमालांची थप्पी, बाम, ग्लुकोज. सगळं वहिनींसाठी.

२३ मे, संध्याकाळ
पोहोचलो. वाटेत मोटारसायकलींचे थवेच्या थवे. सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. एका सायकलवाल्यालाही. वहिनी सारख्या घड्याळ बघत होत्या. मन थाऱ्यावर नसणार बिचाऱ्यांचं.
बेकरीच्या वरच्या दोन खोल्या मिळाल्यात. बेकरीवाल्या बाईंनी वहिनींना मिठीच मारली. म्हणाल्या, यंदा एकट्या नाही वाटतं? तेव्हा कळलं. वहिनी दरवर्षी येतात इथे. आम्हाला सांगतात, बहिणीकडे चाललेय. मी विचारलं, घरी बोलला का नाहीत? म्हणाल्या, बोलले असते तर तुमचं जेवण सुटलं असतं, भाऊजी.
काहीतरीच. आज जेवलो नाही, पण ते प्रवासामुळे.

२४ मे
सरावाचा दिवस. सकाळी शाळेचं वळण बघून आलो. अगदी शांत चित्ताने. पोस्टाच्या कोपऱ्यावरून, म्हणजे जरा लांबून. पिवळं हेल्मेट घातलेला एक जण गाडी कलती करून गेला. डावा गुडघा बाहेर, मान किंचित आत. दादाची मान अशीच असायची. माझा हात आपोआप वर गेला. माशी असावी.

२४ मे, दुपार
पडून होतो. खालच्या गल्लीत कुणीतरी गाडी गरम करत होतं. आधी खोकल्यासारखा आवाज, मग एकदम सूर चढायचा. दादाची गाडी अशीच खोकायची. परत तेच. परत तेच. खिडकीतून वाकून पाहिलं. गल्ली रिकामी. बेकरीतलं पीठ मळायचं मशीन असणार. बेकरी बंद होती, पण मशीनचं काय सांगावं.
उद्या वहिनींच्या शेजारी, भिंतीला टेकून, सगळी शर्यत बघायची. डोळे उघडे ठेवून.

२५ मे, सकाळ
वहिनींना वळणाजवळच्या कुंपणावर बसवलं आणि पाणी आणायला म्हणून गेलो. तेवढ्यात रस्ता बंद केला. झेंडेवाला म्हणाला, दोन शर्यतींच्या मधल्या सुट्टीत सोडतो पलीकडे. त्याने सोडलंही होतं, पण माझ्या बुटाची नाडी सुटली होती. आता आमच्या गाडीत काचा वर करून बसलोय. इथूनही आवाजाचा चांगला अंदाज येतो. प्रत्येक गाडी वळणाकडे गेली की माझा पाय ब्रेकवर जातो. सवय. पोटरीत गोळा आलाय.

२५ मे, संध्याकाळ
प्रथमोपचाराच्या तंबूत. झालं ते असं. वळणाकडून घासल्याचा लांबलचक आवाज आला, मग लोकांचा, मग काहीच नाही. ती शांतता मला ठाऊक आहे. दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही ती टेलिफोनवर ऐकली होती. पुढचं नीट आठवत नाही. मी दोरीखालून वाकून पळत सुटलो म्हणे, झेंडेवाल्याला ढकलून. आणि ‘दादा, दादा’ असं ओरडत होतो म्हणे. मी ‘जाऊ द्या’ म्हणालो असेन.
पडलेला रायडर गवतात बसून पाणी पीत होता. पिवळं हेल्मेट वहिनींच्या मांडीवर. रायडर म्हणजे एक बाई निघाली, इस्पितळात नर्स आहे. मी तिचे खांदे धरून विचारलं, फार लागलं का रे? ती म्हणाली, नाही, मी ठीक आहे, तुम्ही आधी बसा.
बसायच्या आधीच पडलो. जमीन उताराची होती. तिच्यासाठी आणलेल्या स्ट्रेचरवर मला घातलं, आणि नाडी तिनेच पाहिली. लाउडस्पीकरवर जाहीर झालं की रायडर सुखरूप आहे, एका प्रेक्षकावर उपचार सुरू आहेत. टाळ्या पडल्या.
रुमाल सगळे मीच वापरले.

२६ मे
मला आज गाडी चालवायची नाही असा हुकूम. वहिनींनी चालवली. दादाने शिकवलेली. जोरात.
शाळेच्या वळणावर त्यांनी विचारलं, थांबू? म्हटलं, गरज नाही. त्या थांबल्या.
एक माणूस खराट्याने गवत लोटत होता. बाकी नुसता रस्ता. भिंतीला नवा रंग. आत सुट्टीतल्या वर्गाची मुलं पाढे म्हणत होती. मी विचारलं, नक्की कुठे? इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. वहिनींनी चपलेच्या टोकाने जागा दाखवली. मला वाटायचं त्यापेक्षा ती फार लहान होती. मग विचारलं, त्याला फार त्रास झाला का? म्हणाल्या, नाही भाऊजी. लगेच गेला. मी वाट बघत होते, हे तुम्ही कधी विचाराल याची.
आम्ही बराच वेळ तिथे उभे राहिलो. मग खराटेवाल्याने बाजूला व्हायला सांगितलं.
घरी आल्यावर बायकोने विचारलं, कशी झाली शर्यत?
म्हटलं, माहीत नाही. मी पाहिली नाही.