मळकंच पाठव

४ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

डबा पोहोचला. उघडला आणि हसावं की रडावं ते कळेना. आत पांढरीशुभ्र भुकटी! अरे, मी तुझ्या रिफायनरीतला कचरा मागितला होता, अंगाला लावायची पावडर नव्हे.

पुन्हा सांगते, नीट वाच. मी प्रयोगशाळेत बनवलेली भुकटी रंगीत सांडपाण्यात टाकून उन्हात ठेवली की पाण्यातला रंग खाते. पण बाई मोठी आळशी. तेल शुद्ध करून काळे पडलेले तुमचे ते रसायनाचे दाणे, त्यांच्यावरची काजळी आणि धातूचे कण मिसळले की मगच कामाला लागते. तू नेमकं तेच धुऊन काढलंस. काल पाणी जांभळं होतं, आजही जांभळंच आहे. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, कचऱ्यात कचराच नाही, तर संशोधन कसलं करणार? महिनाअखेर प्रयोग तपासायला समिती येतेय. पाणी नितळ झालं नाही तर प्रयोग बंद आणि मी गाठोडं बांधून घरी.

तेव्हा लोभ असू दे, स्वच्छता मात्र आवर.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

दोन पदव्या घेऊन बहीण मागते काय, तर घाण! आई म्हणाली, मुलीच्या कामाच्या ठिकाणी असलं मळकं पाठवशील तर लोक घराला नावं ठेवतील. म्हणून धुतलं, भट्टीत भाजलं, वर चाळलंसुद्धा. कौतुक राहिलं बाजूलाच.

पुन्हा साहेबांकडे गेलो. इतकी वर्षं कचरा उचला म्हणून मी त्यांच्या मागे लागतोय. या वेळी थोडा ठेवून घेऊ का म्हणालो, तर त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. सही मात्र दिली.

खरं सांगू? नापास झालीस तर घरी येशील. पास झालीस तर आणखी तीन वर्षं तिकडेच. आई रोज विचारते, कधी येणार म्हणून. इकडे आड, तिकडे विहीर. तरी डबा पाठवतोय, बोटही न लावता. आईला दाखवलेला नाही.

आमच्या मायेला भट्टी लावलेली नाही, निश्चिंत राहा.

दादा

२९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

समितीतले एक गृहस्थ आल्यापासून घड्याळाकडेच बघत होते. तुझं मळकं मिसळलेलं पाणी दुपारी फिकट झालं, आणि मग बरणीतून त्यांच्या शर्टाची बटणं दिसायला लागली. मला रडू फुटलं, तर डोळ्यांत भुकटी गेली असं सरांनीच सगळ्यांना सांगून टाकलं. तीन वर्षं मिळाली. फार आनंद झाला आणि लगेच आई आठवली. तिला तूच सांग, माझी छाती होत नाही.

रागावलास तरी पत्र पाठव.

धाकटी

४ एप्रिल

चि. धाकटीस अ. उ. आ.

आईला सांगितलं. तिने विचारलं, ते पाणी प्यायला चालेल का. मी म्हटलं, नाही, अजून नुसता रंग गेलाय. त्यावर म्हणाली, मग अर्धं टाकून यायचंच कशाला, तिला म्हणावं घाई करू नको. एवढं बोलून तुझी खोली आवरायला गेली. बराच वेळ झाला, अजून बाहेर आलेली नाही.

लिहीत जा गं.

दादा