उतरलेली पापणी आणि चढलेली भुवई

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी वाकायला सक्त मनाई केली आहे, तेव्हा सध्या मानेनेच घातलेला गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला का? डोळ्यांचं मुद्दामच शेवटी विचारतोय, कारण त्यावरून भांडायलाच हे पत्र लिहायला घेतलंय.

भाच्याने फोनवर सांगितलं की माझा फोटो पाहिल्यापासून तू तुझं काचबिंदूचं ऑपरेशन रद्द केलंस. "डोळा वाचवायला गेला आणि तोंड बिघडवून आला," असं म्हणालीस म्हणे! अगं, तोंड होतंच कुठे एवढं देखणं? मुलीने शिवणकाम बघून होकार दिला, हे माझ्या लग्नात तूच चारचौघांत सांगत फिरत होतीस. आणि तो फोटो तुझ्या दिवट्याने मी शिंकत असताना काढलाय. तेव्हा खरी हकिगत ऐक, मग काय ते ठरव.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं. झालं झकास, डोळ्यातला दाब उतरला. पण पट्टी काढून बघतो तर दाबाबरोबर पापणीही उतरलेली! अर्धं शटर ओढलेल्या दुकानासारखा डोळा. माझं तर धाबं दणाणलं. (तुझ्या भावजयीचं नाही. मी मशीनवर बसून झोपतो की काम करतो हे आधीच कळत नव्हतं, आता तर विचारायलाच नको, एवढंच ती म्हणाली.) डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की ऑपरेशनच्या वेळी डोळा उघडा राहावा म्हणून चिमटा लावतात, त्याने कधीकधी पापणी उचलणारा स्नायू ताणला जातो. बहुतेकांची पापणी काही महिन्यांत आपोआप वर येते, आणि नाहीच आली तर तो स्नायू जरा आखूड करून टाके घालतात. आखूड करणं आणि टाके घालणं! हे ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला. जन्मभर मी दुसरं केलंय काय?

पापणी बिचारी गुपचूप पडून होती. घोळ घातला भुवईने. नीट दिसावं म्हणून मी भुवई ताणून वर धरायला लागलो, आणि ती सवयच जडली. घरी पहिला घास घेतला की भुवई वर. लगेच समोरून तुझी भावजय, नसेल आवडलं तर उद्यापासून स्वतः रांधा! दुकानात तर कहरच झाला. शाळेच्या मुख्याध्यापिका बक्षीस समारंभासाठी कोट शिवायला आल्या. मी कमरेला टेप लावला आणि आकडा वाचायला भुवई वर केली. बाईंनी ते आरशात पाहिलं. आपली कंबर बघून मास्तर चकित झाले असं वाटून त्यांनी पोट आत ओढलं. टेप सैल पडला म्हणून मी पुन्हा आवळला, पुन्हा भुवई वर, बाईंनी आणखी श्वास कोंडला. मी अक्कलशून्य, बाई बारीक झाल्या म्हणून मनात त्यांचं कौतुक करत होतो! त्याच मापाने कापड कापलं. ट्रायलच्या दिवशी बाईंनी कोट घातला, बटणं लावली, आणि मग माणूस किती वेळ श्वास धरणार? मधलं बटण उडालं ते थेट इस्त्रीच्या पाण्याच्या भांड्यात. शाळेत घेतात तशी बाईंनी माझी उलटतपासणी घेतली, तेव्हा कुठे भुवईचा उलगडा झाला. नशीब, शिवणीत भरपूर माया सोडली होती, ती उसवून कोट सैल करून दिला. आता दुकानात पाटी लावली आहे: "भुवईवरून गैरसमज करून घेऊ नये. दोष पापणीचा आहे." गिऱ्हाइकं पाटी वाचून खो खो हसतात आणि हसताना पोट सैल सोडतात, त्यामुळे मापं हल्ली अगदी बरोबर येतात.

आता थट्टा पुरे. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, ताई. माझ्या नजरेचा उजवीकडचा कोपरा गेला तो गेलाच, पण उरलेली नजर टिकली आहे. सुईत दोरा अजून मीच ओवतो. (पहिल्या खेपेला जात नाही, पण तो पूर्वीही जात नव्हता.) तू येता-जाता चौकटीला धडकतेस आणि सुताराच्या नावाने खडे फोडतेस. अगं, चौकट आहे तेवढीच आहे, तुझी नजर अरुंद होत चालली आहे. तुला दिसेनासं झालं तर ते मला बघवणार नाही. पापणीचं म्हणशील तर ती हल्ली थोडी वर आली आहे, आरशात बुबुळ बरंचसं दिसतं.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर चार शिव्या घाल, पण ऑपरेशन कर.

हट्टीपणात तुझ्यावरच गेलेला,
धाकटा

ता. क. : डॉक्टरीणबाईंकडे तुझ्यासाठी पुढच्या महिन्यातला दिवस धरून ठेवलाय. भावजींना विचारलंय. (तुला सांगायचं काम त्यांनी माझ्यावर ढकललं. मी ते इथे तळाशी लिहून मोकळा झालो.)

ता. क. २ : त्याच दिवशी माझा डावा डोळा आहे. वरच्या फुशारक्या सोडून दे. मागच्या वेळी टेबलावर माझे पाय इतके लटपटत होते की नर्सने धरून ठेवले. या वेळी मला एकट्याला आत जायची भीती वाटते, ताई. तुझी भावजय येईल, पण दारापर्यंतच. आत फक्त पेशंटला घेतात. म्हणून म्हणतो, तू पेशंट होऊन ये.