हातभर मोकळी जाळी

शिवम, आधी बोलणी खा, आशीर्वाद शेवटी बघू.

तुझ्या कंपनीनं माळावर सोलरच्या प्लेटा बसवल्या, कडेच्या पट्ट्यात ‘वन्यजीवांसाठी राखीव’ असा बोर्ड ठोकला आणि तू मला, सख्ख्या आत्याला, राखणीला बसवलंस. आता ऐक. पोळा झाला आन् तुझी माणसं यंत्र घेऊन आली आणि पट्ट्यातलं गवत बुडापासून कापून गेली. अरे, आपल्या गावात दसऱ्याआधी माळाच्या गवताला कुणी विळा लावत नाय. बी खाली पडलंच नाय, तर पुढच्या साली काय उगवंल, तुझा बोर्ड? एवढ्या दुष्काळात तेवढंच गवत आलं होतं. वर तिथं गुलमोहर लावून टँकरनं पाणी घालता. हरणं फोटो काढायला येणार हायेत व्हय?

आन् ती कुंपणाची जाळी! खालून हातभर मोकळी ठेवू, असं तूच गावाला सांगितलंस. लावली मातीला चिकटवून. एक ससा दोन दिवस तिला धडका देत होता.

काल तुझा फोन आला, “आत्या, जाळी सात ठिकाणी खालून कापलीय, नजर ठेव.” मी व्हय म्हटलं. शिवम, पक्कड तुझ्या आज्याची आणि हात माझा. बोर्डावर ज्यांचं नाव हाये, त्यांचीच राखण करते मी.

हे पत्र धाडलं तर तुला माझं नाव साहेबाला सांगावं लागंल. म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवते.

आशीर्वाद जाळी उचलल्यावर.

तुझी राखणदार,
भागूआत्या