दोन खुर्च्या समोरासमोर

९ मार्च, सकाळी चहा घेताना

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. धाकटीचा दात पडला, तो तिने खास आत्याला दाखवायला डबीत जपून ठेवलाय. बाबांना जाऊन तीन महिने झाले, पण त्यांची खोली अजून आवरलेली नाही. हिने दोनदा विषय काढला, मी दोनदा टाळला.

परवा तू फोनवर विचारलंस, "शेवटचं वर्षभर बाबा एवढे गप्प का झाले होते रे?" मी म्हणालो, "वय झालं होतं." ताई, मी खोटं बोललो.

कोपऱ्यावरचा चौक मी नव्याने केला, हे तुला माहीतच आहे. लोकांनी यावं, बसावं, गप्पा माराव्यात, असं आराखड्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. बक्षीससुद्धा मिळालं. जुनी मोडकी बाकं काढून मी कारंजं केलं आणि खुर्च्या बसवल्या. सगळ्या एका ओळीत, कारंज्याकडे तोंड करून, जमिनीत बोल्टने पक्क्या.

त्या जुन्या बाकांतली दोन समोरासमोर होती. तिथे बाबा आणि शिंपीकाका रोज संध्याकाळी बसायचे. बाबांना ऐकू येत नव्हतं, ते ओठ वाचायचे. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? घरात मीही त्यांच्यासमोर जाऊनच बोलायचो. कामाआधी आठ दिवस चौकात बसून, कोण किती वेळ बसतं, ते मी वहीत टिपत होतो. परवा ती वही उघडली. 'ज्येष्ठ पुरुष, दोन. दीड तास.' आपल्या बाबांबद्दल मी एवढंच लिहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नव्या खुर्च्यांवर बाबा मान वळवून वळवून काकांचे ओठ बघायचे. मान दुखायला लागली. मग काका समोर उभे राहून बोलू लागले, पण त्यांचे गुडघे किती साथ देणार? महिन्याभरात दोघांचंही जाणं थांबलं.

एकदा जेवताना बाबांनी विचारलं, "एक खुर्ची जरा वळवता येईल का रे?"

मी म्हणालो, "मंजूर झालेलं काम आहे, बाबा. एकासाठी बदललं की सगळेच मागतील."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "बरं," म्हणाले. पुन्हा कधी काही मागितलं नाही.

काल परवानगी काढली आणि मिस्त्रीला घेऊन गेलो. दोन खुर्च्या सोडवून समोरासमोर बसवल्या. वीस मिनिटं लागली, ताई. फक्त वीस मिनिटं. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

शिंपीकाकांना हाताला धरून आणलं. ते बसले. मी समोर बसायला गेलो, तर म्हणाले, "तुला ऐकू येतं ना? मग शेजारच्या खुर्चीवर बस. ती त्याची राहू दे."

मी शेजारी बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो.

सुट्टी मिळाली की ये. तुला हवं तेवढं मला बोल, पण समोर बसून बोल.

कान शाबूत असूनही न ऐकणारा,
तुझा धाकटा